वाघासाठी वर्गणी: पोरांनी पैसे गोळा करावेत का, आणि केले तर द्यायचे कुणाला?

पेठेतली आई (धागा काढणारी)

आमच्या गल्लीतल्या पोरापोरींनी यंदा दिवाळीत कागदाचे आकाशकंदील केले, त्यावर वाघाचं तोंड रंगवलं आणि इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला उभं राहून विकले. साडेचार हजारांच्या आसपास रक्कम जमली. आता त्यांना त्या पैशातून वाघ दत्तक घ्यायचाय. दत्तक म्हणजे काय, तर एका मोठ्या संस्थेच्या खात्यावर पैसे भरायचे, मग कुरियरनं एक प्रमाणपत्र, एक फोटो आणि कापसाचा वाघ घरी येतो.

पैसे जमवण्याला माझा विरोध नाही. आपल्या गावात पोरगं चालायला लागलं की मंडळाच्या पावतीपुस्तकामागं फिरतं, वर्गणी मागायची लाज इथं कुणालाच नाही. मला खटकतंय ते पुढचं. राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालचं, दाजीपूरच्या गव्यांसाठी केलेलं, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला २०१० साली. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात जो नर वाघ सापडला, तो त्याआधी राधानगरीत टिपला गेला होता. म्हणजे खराखुरा वाघ आपल्या जिल्ह्यातनं चालत गेला, आणि आमची पोरं दत्तक घेणार फोटोतला.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे पैसे जिल्ह्याबाहेर जाता कामा नयेत, आणि प्रमाणपत्र विकत घेणं म्हणजे मदत नव्हे. घरात यावरून दोन तट पडलेत. तुमचं काय म्हणणं?

निवृत्त मास्तर

ताई, पहिल्या परिच्छेदातलं पोरांचं कौतुक तिसऱ्यापर्यंत टिकलं नाही तुमचं.

एक उदाहरण देतो. १९८७ साली स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मुलांना वर्षावनं कशी तोडली जातात ते शिकवलं गेलं. नऊ-नऊ वर्षांची पोरं. त्यांनी विचारलं, मग आपण ते जंगल विकत का घेत नाही? आणि पैसे जमवले. त्यातून कोस्टा रिकात मॉन्टेव्हर्देजवळ जमिनीचा लहानसा तुकडा घेतला गेला. नंतर ४४ देशांतल्या मुलांचे पैसे त्यात येत गेले. आज ते राखीव जंगल २२ हजार हेक्टरांच्या वर आहे, म्हणजे आपल्या राधानगरी अभयारण्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश, आणि त्याचं नावच 'मुलांचं चिरंतन वर्षावन' असं आहे. त्या पोरांना त्यांच्या बाईंनी 'आधी आपल्या गावचं अस्वल बघा' असं सांगितलं असतं तर?

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा अमेरिकेतल्या एका अकरा वर्षांच्या मुलीनं पक्ष्यांची चित्रं काढून देणगीदारांना दिली. पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या ऑडुबॉन सोसायटीकडं त्यातून दीड लाख डॉलरांहून जास्त गेले.

पोरांना लांबचं प्रेम वाटू द्या. जवळचं आपोआप येतं.

भुदरगडकर

मास्तर, जवळचं आपोआप येतं म्हणता? आमच्याकडं गवा आपोआप येतो. रात्री अकराला.

माझा दीड एकर ऊस जंगलाच्या कडेला हाय. कळप शिरला की खातोय कमी आणि तुडवतोय जास्त. सात-आठशे किलोचं धूड, त्याला हुसकायला काठी घेऊन कोण जाणार? मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक, तिघांचा पंचनामा. तिघं एका दिवशी गावात सापडणं म्हणजे आमच्यासाठी वाघ दिसण्यासारखंच. पैसे येतात, न्हाई असं न्हाई. पण कधी आणि किती, ते विचारू नका.

आजरा-चंदगडकडं तर हत्ती हाईत. कर्नाटकातनं आले, २००० नंतरची गोष्ट. तिथल्या माणसाला विचारा हत्ती वाचवायला किती वर्गणी देणार म्हणून.

शहरातल्या पोरांनी जनावर वाचवायला पैसे गोळा करावेत, जरूर करावेत. पण ते जनावर ज्याच्या रानात जेवतंय त्याचं बिल कोण भरणार, हे एकदा तरी पोरांना सांगा की.

कार्डाला वैतागलेला बाप

माझं मत सगळ्यांच्या उलट. पोरांनी पैसे गोळाच करू नयेत. कुणासाठीच.

माझ्या मुलाच्या शाळेत दरवर्षी एक कार्ड येतं. कधी वृद्धाश्रम, कधी कॅन्सर, मागच्या वर्षी 'सेव्ह द टायगर'. कार्डावर पंधरा रकाने. जो जास्त जमवेल त्याला पदक, आणि ज्याचं कार्ड रिकामं त्याचं नाव वर्गात वाचून दाखवतात. दारोदार कोण फिरतंय आता? आजोबा दोनशे, मामा दोनशे, उरलेले रकाने बापाच्या खिशातनं, वेगवेगळ्या शाईनं भरायचे. पोरगं त्यातनं प्राणिप्रेम शिकत नाही, खोट्या सह्या करायला शिकतं.

ताई, तुमच्या पोरांनी निदान कंदील तरी केले. पण कागद, काठ्या, रंग, चिकटवायची खळ, हे कुणाच्या पैशानं आलं? तो खर्च वजा केला का?

पेठेतली आई

सामान आम्ही चार घरांनी मिळून आणलं. नाही वजा केला.

कार्डाला वैतागलेला बाप

मग झालं तर. देणगीदार तुम्ही, नाव पोरांचं.

हिशोबनीस

थोडं कोरडं बोलतो. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडं जावं लागतं. गणपती मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात, म्हणजे काढायला पाहिजे. पोरांनी वर्गणी मागितली नाही, वस्तू विकली, त्यामुळं गल्लीतल्या कंदिलावरून कुणी नोटीस पाठवणार नाही. पण हे दरवर्षी वाढवायचं मनात असेल तर शाळेच्या किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवर करा.

मास्तर, तुमचं स्वीडनचं उदाहरण मला आवडलं, पण ते इथं तसंच्या तसं बसत नाही. कोस्टा रिकात ती जमीन विकत मिळत होती. आपल्या अभयारण्याचं जंगल सरकारी आहे, ते ना पोरं घेऊ शकतात ना तुम्ही-आम्ही. सावंतवाडी-दोडामार्गाकडं खासगी मालकीचं जंगल आहे, तिथं रबर नाहीतर अननस लावायला झाडं पडतात, तिथं असा विचार करता येईल. पण साडेचार हजारात नाही.

अभ्यास आधी

दहावीला किती टक्के पडले ते सांगा, वाघाचं बघून घेईल सरकार.

गुरांचा डॉक्टर

वरच्या प्रतिसादाला उत्तर देत बसत नाही.

सगळे वाघ आणि गव्यावर अडकलेत, म्हणून गिधाडाचं सांगतो. आमच्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासा-दोन तासांत गिधाडं उतरायची. आताच्या पोरांनी जिवंत गिधाड बघितलेलं नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घसरली. शिकार नाही, जंगलतोड नाही. कारण निघालं डायक्लोफिनॅक, गुराला सूज आणि ताप उतरवायला टोचतात ते इंजेक्शन. औषध दिलेलं जनावर लवकर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी.

२००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांच्या औषधाची मोठी बाटली आणून गुरांना टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलीपेक्षा मोठी करायची नाही असं ठरलं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही गिधाडांना न मारणारी औषधं बाजारात आहेत, महागही नाहीत.

आपला जिल्हा दुधाचा. घरटी म्हैस. तेव्हा पोरांना खरंच काही करायचं असेल तर एक रुपयाही नको. गावाकडं गेल्यावर आजोबांना एवढंच विचारायचं: म्हशीला ताप आला तर कुठलं इंजेक्शन देता? डॉक्टर नसताना कोण टोचतं? आम्हा डॉक्टरांना हे विचारणारं गिऱ्हाईक भेटत नाही. पोरानं विचारलं तर माणूस ओशाळतो तरी.

चांदोली भटक्या

डॉक्टरसाहेब, पटलं. पण 'पैसा नको, प्रश्न विचारा' हे सगळ्या प्राण्यांना लागू होत नाही. कॅमेरे, गस्त, पाणवठे, सापळे शोधणं, हे पैशाशिवाय चालत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली वाघीण चांदोलीत आणली, ते काय फुकटात झालं?

आणि ताई, 'प्रमाणपत्र म्हणजे मदत नव्हे' हेही एकतर्फी आहे. चांगली संस्था तेच पैसे कामाला लावते. कापसाचा वाघ पोराच्या उशाशी राहतो, पुढं तेच पोर वनखात्याच्या परीक्षेला बसतं. अशी दोन तरी मला माहीत आहेत.

जिल्ह्यातच द्यायचे असतील तर रस्ता आहे. वन्यजीव कायद्यात २००६ च्या दुरुस्तीपासून व्याघ्र प्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आहे, ते देणगी घेऊ शकतं. आणि सह्याद्री प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. पोरांना घेऊन जा, समोर बसून विचारा.

अवांतर: वाघ सगळ्यांना दिसतो, रानकुत्रा कुणाला दिसत नाही. कोळसुंदा म्हणतात तो. तोही धोक्यातलाच, जगभर मिळून प्रौढ रानकुत्री ९४९ ते २,२१५ एवढीच उरली असावीत असा अंदाज आहे, आणि आपल्या सह्याद्रीत ती आहेत. त्यांच्यासाठी कंदील कोण करणार?

शिरोळची लेक

प्राणिप्रेमावर कोल्हापूरला कुणी शिकवू नये असं मला वाटतं. २०२५ मध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला नेली, तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला होता. म्हाताऱ्या बायका रडत होत्या. वर्गणी काढायची वेळ आली असती तर एका दिवसात लाखो जमले असते.

हिशोबनीस

ताई, तेच तर. माधुरीवर माया होती, आहे, त्यात वाद नाही. पण त्याच जिल्ह्यात आजऱ्याच्या रानातल्या टस्करासाठी कुणी मोर्चा काढलेला मी बघितला नाही. मठातली हत्तीण नावानं ओळखीची, रानातला हत्ती म्हणजे उपद्रव. दोन्ही एकाच जातीचे, दोन्ही धोक्यात आलेले. कोर्ट बरोबर की मठ, हा वाद इथं नको, धागा भरकटेल.

शिरोळची लेक

नावानं ओळखीची होती म्हणूनच माया होती. त्यात चूक काय ते कळलं नाही.

निवृत्त मास्तर

अगदी. पोरांना वाघाला नाव द्यायचंय, दत्तक घ्यायचाय, ते याचसाठी.

दहावी ब

नमस्कार. ज्या कंदिलांवर तुम्ही सगळे बोलताय ते करणाऱ्यांपैकी मी एक. पेठेतली आई माझ्या मैत्रिणीची आई. काकू, राग मानू नका, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही म्हणून लिहिते.

पहिलं. आम्ही वाघ का निवडला? कारण वाघाचा कंदील खपतो. आम्ही आधी वेगवेगळे प्राणी रंगवले होते. खवले मांजराच्या कंदिलाला एक काका म्हणाले, हे काय मुंगूस आहे का? गिधाडाचा कंदील दारात कोण लावणार डॉक्टरकाका? दिवाळीत? वाघाचे मात्र दुपारपर्यंत संपले. मग आम्ही सगळ्यांवर वाघच काढला.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. आमच्या पाटीवर 'वाघासाठी' असं लिहिलं होतं. लोकांनी ते वाचून पैसे दिले. एका आजीनं तर सुटे परत घेतले नाहीत. आता ते पैसे उसाच्या नुकसानीला दिले किंवा गिधाडाला दिले, तर आम्ही त्या आजींना खोटं बोललो असं नाही का होत?

कागदाचे पैसे पुढच्या वेळी वजा करू, हे बरोबर आहे.

हिशोबनीस

या पोरीनं सगळ्या धाग्याला गप्प केलं. कायद्याचंही हेच तत्त्व आहे: ज्या कारणासाठी पैसा मागितला त्याच कारणाला तो गेला पाहिजे. पेठेतल्या ताईंना पटो न पटो, हा पैसा वाघाचाच.

पेठेतली आई

वाघाचा आहे, मान्य. पण कुठल्या वाघाचा, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. कोल्हापुरात महाद्वार रोडला उभं राहून वाघासाठी म्हटलं, तर घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपलं जंगल येणार की परदेशातलं एखादं कार्यालय? सह्याद्रीच्या प्रतिष्ठानाला दिले तर त्या आजींशीही खोटं होत नाही आणि माझीही अट पाळली जाते. कापसाचा वाघ मिळणार नाही, एवढंच. त्यावर गल्लीत रडारड होणार, ती मी बघते.

निवृत्त मास्तर

तुम्ही बघता म्हणजे परत तुम्हीच ठरवता. पोरांचं मत घ्या. सरकारी प्रतिष्ठान विरुद्ध संस्था, दोन्हीकडं जाऊन विचारू द्या की पैशाचं काय करता. जो नीट उत्तर देईल त्याला पोरं देतील. मला अजूनही वाटतं की पोरांनी लांबचा वाघ निवडला तर तो त्यांचा हक्क आहे.

भुदरगडकर

पोरी, तू बरोबर बोललीस. आमच्या उसाला तुझे पैसे नकोत, मी मागितलेही न्हाईत. मी म्हटलो बिल कोण भरतंय ते पोरांना कळू द्या.

पण पुढच्या दिवाळीला गव्याचा एक कंदील करून बघा की. राधानगरीचा गवा, जिल्ह्याचं जनावर.

दहावी ब

काका, गवा काळा असतो. काळ्या कंदिलातनं उजेड कसा पडणार?

भुदरगडकर

पाय पांढरे असतात, गुडघ्यापासनं खाली मोजे घातल्यागत. कपाळपण फिकं असतं. तेवढ्यातनं पाडा उजेड. शिंगाला पिवळा कागद लावा.

चांदोली भटक्या

गव्याचा कंदील मी घेणार. दोन.

अभ्यास आधी

एक वाघाचा शिल्लक असेल तर सांगा. पुतणीला पाहिजे.

गुरांचा डॉक्टर

आणि इंजेक्शनचा प्रश्न राहिलाच. दहावी ब, तुमच्या टोळीतल्या किती जणांचं गाव आहे, म्हशी आहेत? पाटीवर 'वाघासाठी' लिहून पैसे जमवा, हरकत नाही. पण कंदिलासोबत एक चिठ्ठी देता येईल: जनावराला डायक्लोफिनॅक देऊ नका, डॉक्टरकडं मेलॉक्सिकॅम मागा. मजकूर मी लिहून देतो. छपाई माझ्याकडं.

दहावी ब

चालेल. पण चिठ्ठीवर गिधाडाचं चित्र आम्ही काढणार. आणि मान नीट काढू, लोक त्याला कोंबडी म्हणाले होते.

भुदरगडकर काका, पंचनामा म्हणजे काय ते आम्हाला बघायला मिळेल का? आमच्यातल्या कुणीच गव्यानं तुडवलेलं रान बघितलेलं नाही.

भुदरगडकर

या की. पण गवा काय तुमच्या सुट्टीचं बघून येत न्हाई, आणि ते तिघं तर त्याहून न्हाई. नुकसान झालं की मी इथंच कळवतो. फोटो काढायला आणि अर्ज लिहायला पोरं लागतीलच, आमच्या म्हाताऱ्याला मोबाईलवर फोटो नीट येत न्हाई, निम्म्या फोटोत त्याचाच अंगठा. संध्याकाळच्या आत परत जायचं मात्र. अंधारात उसाच्या बांधावर पोरं नकोत, माझी जबाबदारी होईल. जेवण आमच्याकडं.

दहावी ब

रविवारी असेल तर बरं, शनिवारी सकाळची शाळा असते. येतो आम्ही सगळे.

कार्डाला वैतागलेला बाप

म्हणजे गारगोटीपर्यंत पेट्रोल परत आम्हीच घालायचं.